एर्मेसांदची हरकत

बावधन, ९ मार्च २०२५

कैलास,

पत्राच्या आरंभी धाकट्या भावाला आशीर्वाद लिहिण्याचा प्रघात आहे. या खेपेला ते गृहीत धर; लिहून दाखवण्याइतकी मी आज प्रसन्न नाही.

तुझ्या बिल्डरचा माणूस, तो वाल्मीक, काल आमच्या सोसायटीच्या वॉचमनकडे एक पिशवी ठेवून गेला. आत साडी होती. गर्द जांभळी, काठ मोरपंखी, पोत उत्तम. घडी न मोडता, त्याच पिशवीत घालून, ती मी आज सकाळी रिक्षाने नेऱ्याला, तुझ्या घरी, परत पाठवली आहे. सोबत चिठ्ठी आहे: ‘संमतीची किंमत परत.’ चिठ्ठी लागेल अशी लिहिली आहे, हे मला मान्य आहे. पण मागच्याच महिन्यात हाच मनुष्य संमतिपत्राची फाइल काखेत मारून आला होता आणि दारातच म्हणाला होता, “मॅडम, फक्त तीन ठिकाणी सह्या.” फाइलीमागून साडी आली, तर तिचा अर्थ लावायला पदवी लागत नाही.

सारजाआत्याने आबांना हक्क सोडून दिला, त्या दिवशी मी तिच्याबरोबर पौडच्या कचेरीत होते. तू तेव्हा शाळेत होतास. कागदात काय लिहिले आहे ते तिला कोणी वाचून दाखवले नाही. अंगठा झाला, कचेरीबाहेरच्या दुकानातून हिरवी साडी झाली, भेळ झाली. परतताना एसटीत ती मला म्हणाली, “माह्यार ऱ्हायलं बाय माजं.” ती सुखात होती. ते सुख मला तेव्हाही समजले नाही आणि पुढे जगभरची ग्रंथालये पालथी घालूनही समजले नाही. हैबतरावांच्या, म्हणजे आपल्या आबांच्या, बहिणीने साडीवर रान सोडले. त्यांच्या लेकीनेही तेच केले, असे कोणी म्हणायला नको.

माझ्या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण चालू आहे. ज्या बाईला तू ‘तुझी फ्रान्सची पाटलीण’ म्हणतोस तिच्यावरचेच. एर्मेसांद, बाराव्या शतकातली, बर्गंडीतल्या एका लहानशा गढीची लेक. तिच्याविषयी जे काही हाती लागते ते एका मठाच्या दानपत्रांतून. त्या काळी सरदाराने मठाला जमीन दिली, की त्याच्या बायकोची, भावाबहिणींची, पाळण्यातल्या लेकरांचीसुद्धा संमती नोंदवत. आणि संमती देणाऱ्याच्या हातावर मठ काहीतरी ठेवी. कोणाला गाय, कोणाला जोडे, कोणाला सशाच्या कातड्याचा अंगरखा. वाचता वाचता मला पौडची कचेरी दिसते.

मी तुझ्याकडे कधी काही मागितले नव्हते. तू रान बिल्डरला द्यायचे ठरवलेस, हे मला तुझ्याकडून नव्हे, वाल्मीकच्या पहिल्या फाइलीवरून कळले. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तहसीलदारांकडे अर्ज केला की माझा वाटा वेगळा काढून मिळावा. तू हरकत घेतलीस, की बापाच्या रानाचे तुकडे नकोत. विकायला काढलेल्या रानाबद्दल ही माया मला विनोदी वाटली आणि मी ते तिथेच बोलून दाखवले. तेव्हापासून आपण बोलत नाही. पौडला तारखेला भेटतो, आणि एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतो.

पुढची तारीख मे महिन्यात आहे. तोवर साड्या पाठवू नयेत.

सुलक्षणा


बावधन, १६ मार्च २०२५

कैलास,

तुझा व्हॉइस मेसेज मिळाला. तो मी शब्दशः उतरवून घेतला आहे, म्हणजे पुढे कोणी काय म्हटले याविषयी वाद नको:

“आक्का, तू येडी हायेस का गं? ती साडी सहीची न्हाई. सृष्टीचं लगीन ठरलंय. आत्याच्या मानाची साडी हाय ती. पोरीनं सोता लक्ष्मी रोडला जाऊन आणली. वाल्मीकची गाडी बावधनलाच चालली व्हती म्हून त्याच्यापाशी दिली, मी हितं मांडववाल्याच्या मागं पळतुया. तू मानाची साडी परत धाडलीस? ती बी रिक्षावाल्याच्या हातानं? पाव्हणं बसलं व्हतं घरात. चिठ्ठी त्यांच्याच म्होरं उघडली. हिला रडू फुटलं.”

यानंतर कुकरच्या शिट्ट्या आहेत. मग:

“तुला हजार वर्साची मेल्याली माणसं बराबर कळत्यात. जित्ती न्हाई कळत.”

हजार नव्हे, साडेआठशे. असो.

आता माझी बाजू. मानाच्या साडीसोबत हळदीकुंकू असते, नारळ असतो, ओटीचे तांदूळ असतात. यांपैकी पिशवीत काहीही नव्हते. लग्नाची पत्रिका नव्हती. लग्न ठरल्याचे मला कोणी कळवले नव्हते. बहिणीला मानाची साडी भाऊ स्वतः जाऊन देतो; ती जमिनीच्या दलालाकरवी, वॉचमनच्या खुर्चीवर ठेवून जाण्याचा रिवाज आपल्या गावात मी तरी पाहिलेला नाही. पुरावा जसा माझ्यासमोर आला, त्यावरून दुसरा निष्कर्ष निघत नव्हता. माझ्या विद्यार्थ्याने हाच निष्कर्ष काढला असता तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते.

साडी पुन्हा पाठवण्याची तसदी घेऊ नये. एकदा परत आलेली मानाची वस्तू दुसऱ्यांदा देत नाहीत, हे आई म्हणत असे. ती आता कोणाला दिली, हेही मला कळवण्याचे कारण नाही.

सृष्टीला माझा निरोप सांग. काय सांगायचे ते तूच ठरव. मी दोन मसुदे केले, दोन्ही मला पसंत नाहीत.

मुलगा काय करतो? कुठला?

सुलक्षणा


बावधन, २७ एप्रिल २०२५

कैलास,

लग्न यथासांग पार पडले. मांडवातला ध्वनिक्षेपक असह्य होता, गुरुजींचे उच्चार सैल होते, आणि मारुंजीच्या त्या कार्यालयात शिरतानाच दुचाक्यांची अशी गर्दी होती की नवरदेवाची गाडी बाहेर अडकली. एवढे सोडले तर सारे चांगले होते. सृष्टी चांगली दिसत होती. जावई विनम्र आहेत, जरा जास्तच.

मी न जेवता निघाले, याचा तुला राग आला असणार. त्याचे कारण नोंदवून ठेवते.

त्याआधी एक. तुम्ही दोघे अक्षता घेऊन माझ्याकडे आलात, ते मला आवडले. सातव्या मजल्यावर लिफ्ट बंद असताना चढून आलात. तुझी बायको सोफ्याच्या कडेवर बसली आणि चहाला नको म्हणाली. तू मात्र टेबलावरच्या कागदांकडे पाहून विचारलेस, “तुझ्या पाटलिणीचं काय चाललंय?”

मी सांगितले, की तिच्या भावाने, ग्वीने, नदीकाठचे वन मठाला दिले. त्याच्या बायकोची संमती घेतली, तान्ह्या मुलाचीही घेतली, हिची घेतली नाही. लग्नात पाणचक्की देऊन पाठवलेली लेक. तिचा आता संबंध काय, असा विचार. मग ही विधवा होऊन परत आली, आणि दरवर्षी एका ठराविक सणाला मठाच्या दाराशी उभी राहून म्हणू लागली, ‘मी दिलेले नाही.’ साधूंनी तिला लोभी लिहून ठेवले आहे, एके ठिकाणी विषारीसुद्धा.

“मंग?” तू म्हणालास.

“बरीच वर्षे गेली. शेवटी ग्वी स्वतः आला आणि तिला एक घोडी दिली. मठाच्या प्रार्थनेत भावाच्या नावाशेजारी तिचेही नाव वाचायचे, असे ठरले. तिने हरकत सोडली.”

“घोडीचं काय केलं तिनं?”

“ते कुठेही लिहिलेले नाही.”

“येवढं शिकून त्येवढंच न्हाई म्हाईत व्हय,” तू म्हणालास, आणि तुझी बायको प्रथमच हसली. मग तुम्ही चहा घेतलात. जाताना दारात तू म्हणालास, “सही नगं मला आक्का. लग्नाला ये.” मी म्हणाले, “सहीचे आपण पौडला पाहू.” हे वाक्य तिथे नको होते. पण विषय तू काढलास.

आता कारण. अक्षता पडल्यावर मी मागच्या रांगेत बसले होते. माझ्या पुढ्यात दोघी बायका. एकीने वळून पाहिले आणि दुसरीच्या कानाशी, म्हणजे तिच्या समजुतीप्रमाणे कानाशी, म्हणाली, “हीच का ती, साडी परत धाडल्याली?”

“व्हय. फारिनला शिकल्याली हाय.”

“मंग काय चुकलं साडीचं?”

“पावती जोडली न्हवती वाटतं.”

हे मला सोसले असते. विनोद म्हणून बराही होता. त्यानंतर सृष्टी नवऱ्याबरोबर पाया पडायला आली. बारशाला तिचे नाव मी ठेवले, तिच्या कानात तीनदा उच्चारले; ती पोर खाली वाकली आणि वर येताना हळूच म्हणाली, “आत्या, साडी आवडली नव्हती का?” चेहऱ्यावर राग नव्हता. खरेच विचारत होती.

मी म्हणाले, “रंग जरा फिकट वाटला.”

“फिकट?” ती म्हणाली. फोटोवाला हाका मारत होता, म्हणून ती गेली.

पंगतीला बसणे मला त्यानंतर शक्य नव्हते. बाहेर हिंजवडीचे आयटीवाले सुटले होते. रिक्षा मिळेपर्यंत मी कार्यालयाच्या फाटकाशी उभी होते. कोणीतरी हाक मारील म्हणून नव्हे. रिक्षा मिळत नव्हती.

सुलक्षणा


बावधन, २१ मे २०२५

कैलास,

आज पौडला जे झाले त्याने मी थकले आहे, आणि थकव्यात लिहिलेले पत्र सहसा पाठवू नये. हे पाठवणार आहे.

तुझ्या हरकतीला उत्तर म्हणून मी चौदा पानांचे निवेदन तयार केले होते. मुलीचा वाटा, घराण्याची संमती, बापाच्या पश्चात बहिणीचे स्थान, सारे त्यात होते. माझ्या पुस्तकातल्या काही प्रकरणांपेक्षाही ते नेटके झाले होते. माझा क्रम आला. तहसीलदारांनी फाइलीतून डोके वर न काढता तुला विचारले, “वाटपाला तुमची हरकत कायम आहे ना?”

आणि तू म्हणालास, “न्हाई साहेब.”

त्यांनी वर पाहिले. मीही.

“हरकत काढून घितो. तिचं तिला दिऊन टाका. दोन वर्सं झाली, म्हातारी हेलपाटं घालतीया.”

म्हातारी! मी तुझ्यापेक्षा आठच वर्षांनी मोठी आहे. निवेदन पिशवीतच राहिले. दोन वर्षांचा वाद पाण्याचा पेला पिण्याइतक्या वेळात मिटला, आणि लेखनिकाने पुढचे नाव पुकारले.

बाहेर पायऱ्यांवर तू टोपी झटकून पुन्हा घातलीस आणि म्हणालास, “झालं गं तुझ्या मनासारखं. आता तुझं येगळं, माझं येगळं. तुझी सही कुटंच लागायची न्हाई. सुटलीस.”

“तू हरकत का काढलीस?” मी विचारले.

“सृष्टी म्हनली. बाबा, आत्याला नगं असल तर बळं कशाला? जाऊ द्या तिला.”

“नको असेल तर, म्हणजे काय नको असेल?”

तू खांदे उडवलेस. “आमी. आनि काय.” मग भेळ खाणार का म्हणून विचारलेस. मी नको म्हणाले. तू एकटाच गेलास त्या गाड्याकडे. मी वळणावरून पाहिले. तू भेळ घेतली नाहीस, नुसता उभा राहिलास आणि मग मोटरसायकल सुरू केलीस.

तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. माझे लग्न झालेले नाही, म्हणून सासर नाही. ज्या बाईला सासर आहे तिला माहेर ही जाण्याची जागा असते. मला ती एकच जागा होती, आणि गेली दोन वर्षे तिथले माणूस दिसण्याचे माझे एकमेव निमित्त म्हणजे तुझी हरकत. तारीख लागली की मी इस्त्रीची साडी काढून ठेवत असे. बाकाच्या त्या टोकाला तू खोकलास की मला कळे, तंबाखू सुटलेली नाही. तुझ्या सदऱ्याचे बटण तुटलेले मला पौडलाच दिसले. हे मी अर्जात लिहू शकत नव्हते. निवेदनाच्या चौदा पानांतही ते नाही.

घरी येऊन मी शेवटचे प्रकरण उघडले. घोडीनंतर पुष्कळ वर्षांनी ग्वीने मठाला आणखी एक दान दिले, मरणाआधीचे. त्या दानपत्रावर संमतीला बायको आहे, मुलगे आहेत, सुना आहेत, एक चुलत भाऊ आहे. एर्मेसांद नाही. ‘यावरून तिचा मृत्यू तत्पूर्वी झाला असावा,’ असे मी लिहिले होते. माझ्या आधीच्या दोन्ही अभ्यासकांनीही तेच लिहिले आहे. वाक्य निर्दोष आहे.

आज मी ते खोडले. कदाचित ती जिवंत होती. कदाचित तिचे तिला वेगळे काढून दिले होते, आणि मग कोणत्याच कागदावर तिला विचारण्याची गरज उरली नाही. मेलेली बहीण आणि वाटा मिळालेली बहीण, कागदावर दोघी सारख्याच दिसतात.

प्रकाशकांना मी कळवले आहे, की पुस्तकाला वेळ लागेल. ते नाराज आहेत. त्यांना निराळे काय सांगणार?

सुलक्षणा


बावधन, ८ जून २०२५

कैलास,

बिल्डरला घाई असली की सरकारी मोजणीलाही पाय फुटतात, असे दिसते. नकाशाची प्रत मला काल मिळाली. मोजणीदाराने फोनवर सारे समजावून सांगितले. गृहस्थ बोलका आहे.

प्रथम माझा गैरसमज काय झाला ते ऐक. रस्त्यालगतचे रान तुझ्याकडे आणि घरामागचा तुकडा माझ्याकडे, हे पाहून मी मनाशी म्हणाले, उत्तम ते स्वतःला आणि उरले ते बहिणीला. तुला जाब विचारणारे पत्र निम्मे लिहूनही झाले. मग मोजणीदार म्हणाला, “तुमच्या भावानं आधीच सांगितलं होतं, घरामागचं बिल्डरला द्यायचं नाही, ते आक्काचं. बिल्डरचा माणूस लई भांडला. चौकोन तुटतो म्हणे त्यांचा.” मी ते पत्र पूर्ण केले नाही. तू असे का केलेस याचा अर्थ मी लावणार नाही. या वर्षी अर्थ लावण्याच्या कामी माझा हात चांगला नाही.

तिथे आता काय आहे, हे मला नीट आठवत नाही. एक उंबर होता. असला तर तोडू नको. सृष्टी माहेरपणाला आली आहे असे ऐकते. कोणाकडून, ते विचारू नको.

आता कामाचे. या तुकड्याला नकाशात वाट दाखवलेली नाही. पश्चिमेच्या बाजूने नवा डांबरी रस्ता जवळ आहे, आणि शेजारचे भिवाजी तिकडून गाडीवाटेपुरती जागा द्यायला राजी आहेत, असे मोजणीदार म्हणतो. मोटार थेट बांधाशी उभी राहील. कायद्याने आणि सोयीने तीच वाट योग्य, यात मला शंका नाही.

ती मला नको आहे.

मला वाट हवी आहे ती तुझ्या अंगणातून. फाटकातून आत, ओसरीच्या पुढून, गोठ्याच्या कडेने मागे. गुडघ्यांमुळे मी सावकाश चालते, त्यामुळे जाता-येता ओसरीवर टेकावे लागेल. त्या वेळी चहाचा आग्रह झाला तर मी नाही म्हणणार नाही. महिन्यातून दोनदा येईन, पुढे जास्तही.

जागा तुझी आहे, तेव्हा तुझी संमती लागेल. घरातल्या सर्वांची घे, तुझ्या बायकोची आधी. सृष्टीला विचारताना तिला हेही सांग, की साडीचा रंग फिकट नव्हता. मी खोटे बोलले. तसा गर्द जांभळा मी दुसरा पाहिलेला नाही.

विचार करून कळव, घाई नाही. आणि वाट देणे तुला मान्य नसेल, तर तसे स्पष्ट सांगून हरकत घे. मी रीतसर अर्ज करीन, पौडला तारीख लागेल, आणि ती एका तारखेत मिटणार नाही याची काळजी मी घेईन. त्या खेपेला भेळ मी देईन.

तुझी,
आक्का